सूज उतरेपर्यंत थांबू का, असं विचारलंस म्हणून

अरे, मेसेज वाचला तुझा. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतला सांधा घट्ट धरणारा लिगामेंटचा पट्टा, गेलं असेल तर लगेच ऑपरेशन का, या भीतीनं रात्रभर जागलायस, तर आधी तेच सांगतो. एकटं एसीएल तुटलं असेल तर बहुतेक वेळा घाई नसते, उलट सूज उतरू देतात, गुडघा पूर्ण सरळ व्हायला लागला की मगच करतात, नाहीतर नंतर गुडघा आखडून बसतो.

पण काही दुखापतींना थांबून चालत नाही आणि त्या बाहेरून साध्या दिसतात, मला काळजी त्यांची. गुडघा निखळतो, म्हणजे वाटी नाही, आख्खा सांधाच, तो कधीकधी मैदानावरच आपोआप जागेवर बसतो, सगळ्यांना वाटतं सुटलो, आणि आत गुडघ्यामागची धमनी फाटलेली असते. 6 ते 8 तासांत रक्त परत सुरू झालं नाही तर पाय वाचवणं अवघड. पाऊल गार, फिकट, सुन्न वाटलं तर तडक निघायचं, आणि नाडी लागत असली तरी तपासून घ्यायचंच, कारण धमनीच्या अस्तराला चीर असेल तर गुठळी नंतर होते.

तसंच नडगीला जबर मार बसल्यावर पोटरी लाकडासारखी टणक झाली, पेनकिलर घेऊनही कळ वाढतेय, कोणी पायाची बोटं हळूच वर वळवली तरी जीव जातोय, तर बँडेज सोड, पाय उशीवर उंच ठेवू नको आणि निघ. आतला दाब चीर देऊनच मोकळा करावा लागतो, तोही काही तासांत.

माझ्याकडचा एक पोरगा दोन महिने मसल खेचलाय म्हणून शेकत बसला होता. वाटीखालचा टेंडन, म्हणजे वाटीला नडगीशी जोडणारा पट्टा, तुटला होता रे. आडवं होऊन, गुडघा ताठ ठेवून टाच उचलून दाखव असं त्याला कोणी म्हटलंच नव्हतं, मीसुद्धा नाही, ते अजून सलतं. पहिल्या दोनेक आठवड्यांत सरळ शिवून झालं असतं, तोवर स्नायू वर आखडला आणि ऑपरेशन कितीतरी मोठं झालं.

गुडघा अर्ध्यात अडकून सरळच होत नसेल तर मेनिस्कसचा, म्हणजे सांध्यातल्या कूर्चेच्या गादीचा, तुकडा मध्ये आला असू शकतो, कोणाला ओढून सरळ करू देऊ नको, याच आठवड्यात ऑर्थोपेडिककडे जा.

आता आडवा हो, गुडघा ताठ ठेवून टाच वर उचल, पाऊल हातानं चाचपून बघ आणि मला लगेच फोन कर.