वाचकांचे प्रश्न : विली न शिवताच का मरतो?

प्रश्न : माझा आठवीतला मुलगा लॅपटॉपवर इम्युलेटर (जुन्या संगणकाची नक्कल करणारा प्रोग्राम) घालून 'मॅनिक मायनर' हा जुना खेळ खेळत असतो. खेळ लबाडी करतो, त्यातला खाणकामगार विली झुडपाला शिवलेला नसतानाही मरतो, अशी त्याची कायमची तक्रार आहे. मी गणित शिकवतो, म्हणून मला प्रश्न पडला की यात नशिबाचा भाग कितपत असावा? – एक शिक्षक, परभणी

उत्तर : नशिबाचा भाग शून्य आहे, आणि आपल्या चिरंजीवांची तक्रार निम्मी खरी आहे. मॅथ्यू स्मिथ या लिव्हरपूलजवळच्या सतरा वर्षांच्या मुलाने १९८३ साली ४८ केबीच्या झेडएक्स स्पेक्ट्रम संगणकासाठी हा खेळ लिहिला आणि बग-बाइट कंपनीने तो बाजारात आणला. त्यात २० गुहा आहेत. प्रत्येक गुहेतल्या वस्तू गोळा करायच्या, हवा संपण्याआधी दार गाठायचे आणि पुढच्या गुहेत जायचे, एवढाच मामला. गुहेतला बहुतेक प्रत्येक पहारेकरी ठरलेल्या ओळीत, ठरलेल्या दोन टोकांच्या मध्ये, ठरलेल्या वेगाने फिरतो, आणि विली मेला की ती गुहा पहिल्यापासून, अगदी त्याच स्थितीत सुरू होते. पाचव्या गुहेतला यूजीन हा पहारेकरी वेगळा वाटतो, कारण सगळ्या वस्तू गोळा झाल्या की तो खाली येऊन दार अडवून बसतो. पण तेही दर वेळी तसेच घडते.

विलीची उडीसुद्धा अशीच पक्की ठरलेली आहे. ती १८ टप्प्यांची असते. पहिल्या दोन टप्प्यांत तो चार-चार पिक्सेल वर जातो, नंतर तीन-तीन, दोन-दोन आणि एक-एक. माथ्यावर दोन टप्पे स्थिर राहतो आणि त्याच हिशेबाने खाली येतो. बेरीज केली तर एकंदर चढ २० पिक्सेलचा होतो. हवेत असताना दिशा बदलता येत नाही, त्यामुळे बटण दाबले त्या क्षणीच उडीचा निकाल लागलेला असतो. नव्या खेळांत हवेतल्या हवेत वळायची सवय लागलेल्या मुलांना हेच जड जाते.

आता न शिवता मरण्याविषयी. या खेळात धडक तपासण्याच्या दोन निरनिराळ्या रीती आहेत. विलीचे चित्र आधी काढले जाते आणि पहारेकऱ्याचे नंतर. ते काढताना पहारेकऱ्याचा एक जरी पेटलेला पिक्सेल विलीच्या पेटलेल्या पिक्सेलवर पडला, तर विली मरतो. येथे अन्याय कसलाच नाही, केसाएवढ्या फटीतूनही तो सुटू शकतो. झुडपे आणि सुळके यांच्या बाबतीत मात्र प्रोग्राम चित्राकडे पाहतच नाही, तो रंग पाहतो. पडद्यावरच्या आठ बाय आठ पिक्सेलच्या प्रत्येक घराला रंगाची एक बाइट असते. विलीच्या चित्राची चौकट ज्या घरांवर येते, त्यांपैकी एखाद्या घराची बाइट झुडपाच्या बाइटशी जुळली की खेळ खलास. चौकटीच्या कडेला विलीचा एकही पिक्सेल पेटलेला नसतो, तरी घर मोजले जाते. तेव्हा चिरंजीवांना सांगावे की पहारेकऱ्याला घासून गेलात तरी चालेल, पण झुडपाला पूर्ण एक घर मोकळे सोडूनच उडी घ्यावी.

खचणाऱ्या फरशीचाही हिशेब शिकवण्यासारखा आहे. विली तिच्यावर उभा असेपर्यंत ती दर टप्प्याला पिक्सेलची एक ओळ खचते, आणि आठ ओळी संपल्या की नाहीशी होते. नुसते चालत ओलांडले तर ती अर्धवट खचून तशीच राहते आणि परतीच्या वाटेवर घात करते.

प्रश्न : उडी मारताना विलीच्या अंगाचा काही भाग एकाएकी फरशीच्या रंगाचा दिसतो. हा इम्युलेटरचा दोष आहे काय? – संगणकशास्त्राची विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : दोष इम्युलेटरचा नाही, मूळ यंत्रच तसे होते. स्पेक्ट्रमचा पडदा २५६ बाय १९२ पिक्सेलचा. प्रत्येक पिक्सेल पेटलेला की विझलेला एवढे नोंदवायलाच ६,१४४ बाइट लागतात. प्रत्येक पिक्सेलला सोळांतला एक रंग स्वतंत्रपणे द्यायचा म्हटले असते तर २४,५७६ बाइट, म्हणजे ४८ केबीतली निम्मी जागा, पडद्यानेच खाल्ली असती. म्हणून स्पेक्ट्रम बनवणाऱ्या सिंक्लेअर कंपनीच्या अभियंत्यांनी आठ बाय आठच्या घराला मिळून दोनच रंग दिले, एक शाईचा आणि एक पार्श्वभूमीचा. त्या ७६८ बाइट धरून सगळा हिशेब ६,९१२ वर आटोपला. एका घरात फरशी आणि विली दोघेही आले की त्यांना एकच शाई वाटून घ्यावी लागते, आणि या खेळात फरशीची शाई जिंकते.

आपण स्वतः असा खेळ लिहिणार असाल तर आणखी एक गोष्ट पाहावी. स्मिथने प्रत्येक गुहेला नेमके १,०२४ बाइट दिले, त्यांतले पहिले ५१२ म्हणजे गुहेच्या घरांचे रंग. हेच रंग नकाशाचे काम करतात, कारण कोणते घर फरशी, कोणते भिंत आणि कोणते जीवघेणे, हे प्रोग्राम त्यांच्यावरूनच ओळखतो. नकाशासाठी वेगळी जागा लागतच नाही. माझ्या मते या खेळातली सर्वांत हुशारीची गोष्ट हीच आहे, संगीताहूनही. अर्थात संगीताचे कौतुकही कमी करता येणार नाही: संगीतकार ग्रीगची धून वाजवायला वेगळी ध्वनिचिप नव्हती, चित्र काढणाऱ्या झेड८० प्रोसेसरलाच दर टप्प्याला थोडा वेळ काढून स्पीकर वाजवावा लागत होता.

प्रश्न : वडिलांचा डीबी स्पेक्ट्रम प्लस (भारतात विकला गेलेला स्पेक्ट्रम) आणि काही कॅसेट माळ्यावर सापडल्या आहेत. त्यावर हा खेळ चालेल काय? – एक वाचक, लातूर

उत्तर : यंत्र शाबूत असेल तर चालेल, पण घाईने वीज जोडू नये. स्पेक्ट्रमच्या ९ व्होल्टच्या पिनेत मधला भाग ऋण असतो, जो आजच्या बहुतेक अडॅप्टरच्या उलट आहे. कोपऱ्यावरच्या दुकानातला हाताला येईल तो अडॅप्टर लावला तर यंत्र जळण्याचाच संभव जास्त. पडद्याचा संकेत अँटेनाच्या तारेतून येतो, म्हणून जुना, अ‍ॅनालॉग ट्यूनर असलेला टीव्ही शोधावा लागेल. कीबोर्डखालची पातळ पट्टी वयाने कडक होऊन तुटते. काही बटणे मुकी असतील तर संशय आधी तिच्यावर घ्यावा.

कॅसेटवर पांढुरकी बुरशी दिसली तर ती टेपरेकॉर्डरमध्ये घालू नये, हेड खराब होते. चांगली कॅसेट असेल तर आधी लॅपटॉपवर तिचा आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवावा, म्हणजे फीत तुटली तरी खेळ उरतो. लोड होताना पडद्याच्या कडेला आधी लाल-निळसर जाड पट्टे आणि मग निळे-पिवळे बारीक पट्टे धावले पाहिजेत. बारीक पट्टे आलेच नाहीत तर आवाज कमी-जास्त करून पाहावा. ४८ केबीचा खेळ यायला पाचेक मिनिटे लागतात आणि तेवढ्यात वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून. आपल्याकडे इन्व्हर्टर असेल तर यंत्र आणि टेपरेकॉर्डर दोन्ही त्यावरच ठेवावेत.

प्रश्न : शेवटची गुहा पाहण्याची इच्छा आहे, पण तिसरीच्या पुढे जाता येत नाही. काही उपाय? – एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : बग-बाइटच्या आवृत्तीत खेळ चालू असताना ६०३१७६९ हे आकडे टाइप करावेत; उरलेल्या जिवांच्या रांगेत एक बूट दिसू लागतो. मग १ ते ५ यांपैकी हवी ती बटणे धरून ६ दाबायचे. बटणांची किंमत अनुक्रमे १, २, ४, ८ आणि १६, आणि पहिल्या गुहेचा क्रमांक शून्य. विसावी गुहा म्हणजे १९, म्हणून १, २ आणि ५ एकत्र धरावीत. सॉफ्टवेअर प्रोजेक्ट्स या कंपनीची नंतरची आवृत्ती असेल तर हे आकडे चालणार नाहीत, तेथे 'टाइपरायटर' हा शब्द इंग्रजीत टाइप करावा लागतो.