पद्मिनी की अॅम्बेसेडर?

पहिली जुनी मोटार म्हणून आपण या दोहोंचा विचार करीत आहात, तर आरंभ इंजिनापासून करावा. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीचे इंजिन 1089 सीसीचे, तर अॅम्बेसेडरचे जुने पेट्रोल इंजिन 1489 सीसीचे. त्यामुळे पाच माणसे व सामान घेऊन घाट चढताना अॅम्बेसेडरला गिअर कमी बदलावे लागतात. पद्मिनी मात्र आकाराने लहान आणि वजनाने हलकी असल्याने मुंबई-पुण्याच्या गर्दीत ती सहज वळते, आणि मला स्वतःला तिचेच चालवणे अधिक आवडते. खराब रस्त्यावर अॅम्बेसेडरचे सस्पेन्शन खड्डे शांतपणे पचवते, परंतु वेगात वळण घेतल्यास गाडी चांगलीच कलते. जुन्या मॉडेलांत चारही चाकांना ड्रम ब्रेक (आजच्या डिस्क ब्रेकपेक्षा कमी प्रभावी, जुन्या पद्धतीचे ब्रेक) असल्याने पुढच्या वाहनापासून नेहमीपेक्षा अधिक अंतर ठेवावे, आणि उतारावर खालच्या गिअरमध्येच उतरावे.

अॅम्बेसेडरचे उत्पादन 2014 पर्यंत चालू होते, म्हणून तिचे सुटे भाग तुलनेने लवकर मिळतात. इंजिन पुन्हा बांधता येते. पत्रा गंजलेला असेल, तर खर्च हाताबाहेर जातो. तेव्हा पायाखालची मॅटिंग उचलून फरशी पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये.