वाचकांचे प्रश्न : छोटे इंजिन सांध्यावर का अडते?

प्रश्न (महाल, नागपूर येथील एका वाचकाकडून) : इतवारी ते नागभीड ही नॅरोगेज लाइन २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. तिची आठवण म्हणून मी घरी उमरेडच्या धर्तीच्या एका लहान यार्डाचे मॉडेल १:८७ या प्रमाणात, ९ मिलिमीटरच्या रुळांवर मांडत आहे. शंटिंगसाठी घेतलेले चार चाकांचे इंजिन साध्या १२ व्होल्ट डीसी (एकदिश वीज) कंट्रोलरवर, रुळांतून येणाऱ्या विजेवर चालते. वेगात ते नीट धावते, परंतु सावकाश चालवले की सांध्यावर (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागी) हमखास थांबते आणि बोटाने ढकलल्यावर पुढे जाते. रूळ घासून पुसले की एक-दोन दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच. मोटर बदलावी का?

उत्तर : मोटर बदलू नये. बोटाच्या धक्क्याने जे इंजिन लगेच चालू लागते, त्याची मोटर बहुधा निर्दोष असते. तिच्यापर्यंत वीज अखंड पोहोचत नाही, एवढाच त्याचा अर्थ. आपण निवडलेले प्रमाण योग्य आहे, कारण मूळ मार्गाची ७६२ मिलिमीटर रुंदी ८७ ने भागली तर ८.७६ मिलिमीटर येते आणि ९ मिलिमीटरच्या रुळांवर ती शोभून दिसते. अडचण इंजिनाच्या लहानपणात आहे. मोठ्या इंजिनाला आठ किंवा बारा चाके असतात. त्यातली दोन-तीन क्षणभर निकामी झाली तरी बाकीची वीज घेत राहतात, शिवाय आतल्या जड गतिचक्राच्या जोरावर ते मृत, म्हणजे वीज न मिळणारी, जागा ओलांडून जाते. आपल्या इंजिनाला यांपैकी काहीच उपलब्ध नाही.

चार चाकांची सांगाडी पूर्ण ताठ असेल तर चारही चाके एकाच वेळी रुळाला टेकतीलच असे नाही. शहाबादी फरशीवर चार पायांचे टेबल डुगडुगते आणि तिपाई डुगडुगत नाही, तोच हा प्रकार आहे. म्हणजे प्रत्यक्षात बऱ्याचदा तीनच चाके टेकलेली असतात. त्यात एखाद्या चाकावर पकड वाढवण्यासाठी रबरी कडे बसवलेले असेल, तर ते चाक टेकूनही वीज घेत नाही. आता इंजिन सांध्यावर आले आणि सांध्याचा फ्रॉग, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात तो भाग, प्लास्टिकचा असला, तर त्या बाजूचे एक चाक मृत जागेवर जाते. त्याच बाजूचे दुसरे चाक नेमके उचललेले किंवा रबरी असेल तर त्या बाजूचा पुरवठा शून्य होतो. वेगात ही जागा नुसत्या गतीने पार होते, सावकाश चालवताना होत नाही. आपल्या पत्रातले प्रत्येक लक्षण याच्याशी जुळते.

प्रथम मल्टीमीटर घ्यावा. इंजिन उलटे धरून एक टोक चाकाच्या कडेवर आणि दुसरे मोटरच्या त्याच बाजूच्या टर्मिनलवर ठेवावे आणि चाक हळूहळू फिरवावे. मीटरच्या स्वतःच्या तारांचा रोध वजा केल्यावर आकडा एक ओहमच्या आत स्थिर राहिला पाहिजे. तो उड्या मारत असेल तर दोष चाकाची मागची बाजू आणि तिच्यावर घासणारी संपर्कपट्टी यांच्यामध्ये आहे. चारही चाके अशीच तपासावीत. ही चाचणी पाच-दहा मिनिटांत आटोपते, तरीही बहुतेक जण ती टाळून थेट रूळ घासायला बसतात, याची मला फार खंत वाटते.

संपर्कपट्टी नव्याने करावी लागली तर फॉस्फर ब्राँझची सुमारे ०.३ मिलिमीटर जाडीची तार वापरावी. साधी तांब्याची तार चालणार नाही, कारण ती वाकवली की तशीच राहते, उसळून परत येत नाही. तार बाजारात मिळाली नाही तर निकामी रिलेच्या आतल्या स्प्रिंगदार पात्या उपयोगी पडतात. सर्किट दुरुस्तीच्या दुकानात असे जुने रिले सहज मिळतात. पट्टी शक्य तितकी लांब ठेवावी. आखूड पट्टीचा दाब चाक किंचित सरकले तरी खूप बदलतो, लांब पट्टीचा दाब जवळपास सारखा राहतो. दाब अगदी हलका हवा; चाकांची जोडी सुटी करून पट्टीला लावली असता ती बोटाच्या हलक्या स्पर्शाने फिरली पाहिजे. जास्त दाब दिला तर पट्टी ब्रेकचे काम करते आणि इतक्या छोट्या मोटरला तो भार सोसत नाही. पट्ट्या बसवण्यासाठी इंजिनाच्या तळाला तांब्याचा थर असलेल्या सर्किट बोर्डाचा बारीक तुकडा चिकटवावा, मधोमध तांबे खरवडून डावी-उजवी बाजू वेगळी करावी आणि पट्ट्या त्यावर सोल्डर कराव्यात. तार धातूच्या सांगाडीला कुठेही टेकत नाही, हे मीटरने पाहिल्याशिवाय इंजिन रुळावर ठेवू नये.

रबरी कड्यांची जोडी काढून तिच्या जागी साध्या धातूच्या चाकांची जोडी बसवता आली तर अवश्य बसवावी. ओढण्याची ताकद काहीशी घटेल, पण यार्डात तीन-चार वॅगनपेक्षा जास्त ओढायचे नसते. आत मोकळ्या जागेत शिशाचे पातळ पत्रे भरून वजन वाढवावे; वजन दोन आसांच्या बरोबर मध्ये यावे आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. न चालणाऱ्या आसाच्या खाचेत, किंवा दोन्ही आस चालते असतील तर दंतचक्रांची पकड सुटणार नाही इतपत, किंचित उभी मोकळीक दिली की चौथे चाकही रुळावर उतरते. हे काम कानशीने थोडे थोडे करायचे आहे, कारण जास्त गेलेला धातू परत येत नाही.

तरीही माझ्या मते या सगळ्यांपेक्षा अधिक गुण येणारा उपाय वेगळाच आहे : इंजिनाला एक वॅगन किंवा ब्रेकव्हॅन (गार्डचा डबा) कायमची जोडून तिच्या चाकांकडूनही वीज घ्यावी. त्यासाठी त्या डब्याला धातूची चाके हवीत आणि प्रत्येक जोडीतले एक चाक आसापासून विलग केलेले हवे. डब्याखाली वर सांगितल्यासारख्याच पट्ट्या बसवून दोन अतिशय मऊ, बारीक तारा इंजिनात न्याव्यात. तारा ताठ असतील तर वळणावर डबा रुळावरून उतरतो, म्हणून त्यांना थोडा झोल ठेवावा. असे केल्यावर वीज घेणारी चाके आठ होतात आणि दोन टोकांमधले अंतर फ्रॉगच्या लांबीपेक्षा खूपच वाढते. नॅरोगेजवर इंजिनामागे लहान ब्रेकव्हॅन अजिबात विसंगत दिसत नाही; नागपुरातील मोतीबाग येथील, २००२ मध्ये सुरू झालेले रेल्वे संग्रहालय पाहून आल्यास तिच्या रूपासाठी कल्पना सुचतील.

रुळांच्या बाजूनेही दोन गोष्टी कराव्यात. आपल्या सांध्यांचे फ्रॉग धातूचे असतील तर सांध्याच्या हालचालीबरोबर फिरणाऱ्या स्विचने त्यांना योग्य बाजूची वीज द्यावी. मृत जागाच उरत नाही. प्लास्टिकचे असतील तर ब्रेकव्हॅनचा उपाय अपरिहार्य समजावा. दुसरी गोष्ट नागपूरच्या हवेची आहे. निकेल सिल्व्हरचा एक मीटर रूळ तापमानात ३० अंशांचा फरक पडला की सुमारे अर्धा मिलिमीटर वाढतो. डिसेंबरच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत गच्चीखालच्या खोलीत एवढा फरक सहज पडतो. या हालचालीने रुळांना जोडणाऱ्या फिशप्लेट सैल होतात, म्हणून विजेसाठी त्यांच्यावर विसंबू नये. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र तार सोल्डर करावी आणि जोडांत बारीक फट सोडावी.

प्रश्न (धरमपेठ, नागपूर येथील एका वाचिकेकडून) : इंजिनात मोठा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) बसवला की ते अडत नाही, असे ऐकले आहे. हा उपाय साध्या डीसीवर करता येईल का?

उत्तर : साध्या डीसीवर करू नये. तिथे दिशा बदलताना रुळांवरील धन-ऋण उलटते आणि इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर उलट जोडला गेला तर फुगतो, फुटूही शकतो. शिवाय कंट्रोलर शून्यावर आणला तरी साठलेली वीज इंजिनाला पुढे नेत राहते. डीसीसी पद्धतीत, म्हणजे रुळांतून विजेबरोबर आज्ञाही पाठवणाऱ्या डिजिटल पद्धतीत, मात्र डिकोडर (इंजिनातले, त्या आज्ञा वाचणारे छोटे सर्किट) आधी वीज एकदिश करून घेतो, त्यामुळे त्याच्या निळ्या तारेवर, म्हणजे धन बाजूवर, आणि ऋण बिंदूवर कपॅसिटर लावता येतो. काही डिकोडरांत हा ऋण बिंदू बाहेर काढलेला नसतो, तेव्हा सोबतचे पत्रक आधी वाचावे. २.७ व्होल्टचे सहा सुपरकपॅसिटर एकापुढे एक जोडले की १६.२ व्होल्ट सोसतात. भरताना एकदम प्रवाह ओढला जाऊ नये म्हणून १०० ओहमचा रोध द्यावा आणि खर्च होताना वीज त्याला वळसा घालून जावी म्हणून त्याच्या समांतर डायोड लावावा. ही जुळणी एवढ्याशा इंजिनात मावत नाही. तिला ब्रेकव्हॅनमध्येच जागा करावी लागते. मात्र संपर्क सुधारण्याआधी हे करू नये, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. पट्टी सैल असताना कपॅसिटर लावला तर दोष झाकला जातो आणि पुढे शोधणे अधिक कठीण होते.

प्रश्न (मानेवाडा, नागपूर येथील एका वाचकाकडून) : रूळ पॉलिश पेपरने घासणे योग्य आहे का? उन्हाळ्यात ते फार लवकर काळे पडतात.

उत्तर : पॉलिश पेपर वापरू नये. त्याने पडलेल्या ओरखड्यांत धूळ अधिक घट्ट बसते, त्यामुळे प्रत्येक घासण्यानंतर रूळ आधीपेक्षा लवकर मळतात. धागे न सोडणारे सुती कापड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवून रुळाचा माथा पुसावा. हे द्रव्य पेट घेते, म्हणून पुसताना वीज बंद ठेवावी आणि ते पूर्ण उडून गेल्यावरच गाडी चालवावी. चाकेही याच कापडाने पुसावीत, कारण मळ चाकांवर तसाच राहिला तर तो पहिल्याच फेरीत रुळांवर परत येतो. डब्यांची प्लास्टिकची चाके हळूहळू बदलून धातूची घ्यावीत. आसाला तेल द्यायचे ते सुईच्या टोकाने, अगदी कणभर. जास्त झालेले तेल चाकाच्या कडेवर उतरते आणि धुळीशी मिसळून काळा थर बनवते. उन्हाळ्यात कूलरचा झोत मांडणीवर थेट येत असेल तर कूलर किंवा मांडणी यांपैकी एकाची दिशा बदलावी, कारण त्या ओलसर हवेबरोबर येणारी बारीक माती रुळांवर चिकटून बसते. गाडी चालवायची नसेल तेव्हा मांडणीवर जुनी सुती चादर अंथरून ठेवावी.