घरात मोशन सेन्सर लावून आईवडिलांचा डिमेन्शिया लवकर ओळखता येतो का?

निदान होत नाही, पण ‘आता डॉक्टरांना दाखवा’ एवढा इशारा सेन्सर नक्की देऊ शकतात. कारण स्मृती ढळल्याचं घरच्यांना जाणवण्याआधीच बऱ्याचदा चाल बदलू लागते. अमेरिकेतल्या ओरेगन हेल्थ अँड सायन्स युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी ७० वर्षांवरच्या, एकट्या राहणाऱ्या ९३ जणांच्या घरी छताला इन्फ्रारेड सेन्सर बसवले होते. माणूस एका सेन्सरखालून पुढच्या सेन्सरखाली किती सेकंदांत पोचतो, यावरून वेग काढायचा, बस्स. कॅमेरा नाही, अंगावर काही बांधायचं नाही. २०१२ साली आलेल्या त्यांच्या निष्कर्षांत मंद चाल आणि वेगातले चढउतार यांचा सौम्य बौद्धिक ऱ्हासाशी, म्हणजे डिमेन्शियाच्या आधीची पायरी ठरू शकणाऱ्या अवस्थेशी, संबंध दिसला. दवाखान्यातल्या दहा मिनिटांच्या तपासणीत हे चढउतार सापडणं अवघडच.

मात्र गुडघेदुखी, नवीन झोपेची गोळी, नैराश्य, मूत्रमार्गाचा संसर्ग यांनीही चाल आणि रात्रीच्या फेऱ्या बदलतात. त्यामुळे एका आठवड्याच्या आलेखावरून घाबरू नका. त्याच व्यक्तीच्या आधीच्या काही महिन्यांशी तुलना करा आणि फरक टिकून राहिला तर न्यूरॉलॉजिस्टना तो आलेखच दाखवा. आणि हो, सेन्सर लावण्याआधी आईवडिलांना विचारा.