अमेरिकेत ‘आइस’ आणि ‘फेमा’ एकाच खात्यात का?

प्रश्न रास्त आहे: कागदपत्रांविना राहणाऱ्या स्थलांतरितांना पकडणारी ‘आइस’ आणि वादळानंतर मदत देणारी ‘फेमा’ एकाच छपराखाली कशा? कारण ११ सप्टेंबरचा हल्ला. त्यानंतर २२ यंत्रणा एकत्र करून होमलँड सिक्युरिटी खातं उभं राहिलं. १ मार्च २००३ पासून ते चालू झालं. १९७९ पासूनची स्वतंत्र ‘फेमा’ही त्यात ओढली गेली. माझ्या मते ही मोट जरा घाईतच बांधली. २००५ च्या कॅटरिना चक्रीवादळात फेमाची अब्रू गेली, मग २००६ मध्ये कायदा करून तिला पुन्हा थोडे अधिकार दिले.

पैशांची ओढाताणही होते. २०१९ मध्ये फेमाच्या आपत्ती निधीतले सुमारे १५.५ कोटी डॉलर स्थलांतरितांवरच्या कारवाईकडे वळवले, तेही ऐन वादळांच्या मोसमात!

तिथल्या आपल्या लोकांसाठी: एच-वन-बी व्हिसावर असाल तर फेमाची रोख मदत स्वतःच्या नावावर मिळत नाही. मूल अमेरिकन नागरिक असेल तर त्याच्या नावाने अर्ज करता येतो. तातडीचा निवारा, अन्न, पाणी मात्र सगळ्यांना.

आणि हो, आपल्याकडेही एनडीआरएफ आणि इमिग्रेशन ब्युरो दोन्ही गृहमंत्रालयाकडेच आहेत.