समुद्राच्या पोटातली कौले

प्रश्न : बायण्याहून बोटीने ग्रँड बेटाकडे गेलो होतो. बोटवाल्याने सांगितले, की या पाण्यात पोर्तुगिजांचे सोन्याने भरलेले जहाज बुडाले आहे. खरे का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : त्या भागात जहाजे फुटली आहेत, हे अगदी खरे. सोन्याची गोष्ट मीही मुरगाव बंदरात नोकरीला लागल्यापासून ऐकत आलो. पण तिथून प्रत्यक्षात जे वर आले ते मला सोन्याहून मोलाचे वाटते.

मुरगावच्या तोंडाशी सुंची नावाचा खडक आहे. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे पुरातत्त्वज्ञ तिथे पाण्यात उतरले. त्यांना लोखंडी तोफा, एका बंदुकीची काशाची नळी, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे, हत्तीचे सुळे आणि पाणघोड्याचे दात सापडले. पाणघोडा आफ्रिकेबाहेर मिळत नाही, म्हणजे हा माल तिकडचाच. काळ सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा. त्या वेळी गोव्यात हस्तिदंतातून संतांच्या मूर्ती कोरणारे कसबी कारागीर होते. त्यांच्या हाती पडायचा माल घराच्या उंबऱ्याशी येऊन बुडाला, असे मनात आले की आजही हळहळ वाटते.

पण माझा जीव गुंतला आहे तो सेंट जॉर्ज रीफ या तिथल्याच दुसऱ्या खडकावरच्या जहाजात. त्यात तोफ नाही, सुळा नाही. मंगळुरी कौले, धुरांड्याच्या विटा, पाणी वाहून न्यायचे मातीचे नळ आणि खांबांवर बसवायचे नक्षीदार माथे. कौलांवर अक्षरे आहेत : ‘बासेल मिशन टाइल वर्क्स, १८६५’. आता हे साल जहाज बुडाल्याचे समजू नका. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या संस्थेचा मंगळूरचा तो कारखाना १८६५ मध्ये सुरू झाला, त्या स्थापनेचे ते साल. जहाज त्यानंतर कधीतरी फुटले, एवढेच त्यावरून ठरते.

तुमचे घर जुने असेल तर पावसाआधी कौले चाळायला माणूस वर चढेल तेव्हा त्याला एक कौल खाली द्यायला सांगा. शेवाळ खरवडा आणि पालथे करून बघा. तीच अक्षरे निघाली तर समजा, की तुमच्या डोक्यावरचे छप्पर आणि खडकावर फुटलेला तो माल एकाच कारखान्यातला. कुणाच्या तरी घरासाठी निघालेली ती खेप पोहोचलीच नाही. राजेरजवाड्यांच्या कागदांत अशा घराची नोंद कोण ठेवणार? ती या विटा-कौलांनीच ठेवली आहे.

एक कळकळीची विनंती. हौसेने पाण्याखाली जाणाऱ्या मंडळींनी तिथली खापरीसुद्धा उचलू नये. कुठली वस्तू कुणाशेजारी पडली होती, यावरूनच जहाजाचा अंदाज बांधता येतो. शिवाय समुद्रात मुरलेला हस्तिदंत घरी नेऊन उन्हात ठेवला, की आतल्या मिठाचे खडे बनतात आणि त्याचे पापुद्रे सुटू लागतात. प्रयोगशाळेत आधी ते मीठ सावकाश धुऊन काढतात, मगच वस्तू वाळवतात.

प्रश्न : मुक्तिलढ्यात निकामी झालेली पोर्तुगिजांची युद्धनौका अजून बांबोळीच्या पाण्यात आहे का?
– एक वाचक, वास्को

उत्तर : नाही. ‘अफोन्सो द आल्बुकेर्क’ तिचे नाव. १८ डिसेंबर १९६१ रोजी आपल्या ‘बेतवा’ आणि ‘बियास’ या नौकांशी तिची तोफांची लढत झाली. कप्तान जखमी झाला आणि खलाशांनी नौका बांबोळीच्या किनाऱ्यावर चढवली. नंतर आपल्या नौदलाने ती ओढून मुंबईला नेली आणि १९६३ मध्ये ती भंगारात निघाली.