मामाच्या गावचं कम्युनिटी कॉलेज

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही गोव्यातल्या साखळीचे. माझ्या भावाने कॅलिफोर्नियाहून आमची फाईल घातली तेव्हा मुलगी जन्मलीही नव्हती, आता एवढ्या वर्षांनी नंबर लागला आणि आम्हा तिघांचं ग्रीन कार्डचं काम होत आलंय. मुलगी यंदाच बारावी आर्ट्स झाली, मार्क चांगले आहेत, तिला इतिहास आणि साहित्यच शिकायचंय. भाऊ म्हणतो तिला तिथल्या कम्युनिटी कॉलेजात घालू. माझी जाऊ म्हणते ते आपल्या आयटीआयसारखं असतं, कुठेच ॲडमिशन नाही मिळाली की पोरं तिथे जातात. आणि मिस्टरांचं म्हणणं की तिने आधी आजीकडे राहून इथेच बीए पुरं करावं, मग यावं. काय करू? — एक आई, साखळी

उत्तर : आधी मिस्टरांचं घेते, कारण त्यात शिक्षणापेक्षा कागदांची भानगड जास्त आहे. भावाच्या फाईलवर आई-बापांबरोबर मुलं जातात ती लग्न न झालेली आणि २१ च्या आतली. बीएला तीन वर्षं, म्हणजे बाय २१ ची होणार, आणि मग वय कसं मोजायचं याची वकिली गणितं सुरू होतात. बरं, कार्ड घेऊन ती परत साखळीला येऊन राहिली तरी वर्षाहून जास्त बाहेर राहणाऱ्याचं कार्ड धोक्यात येतं. तेव्हा हा निर्णय जेवणाच्या टेबलावर घेऊ नका, इमिग्रेशनच्या वकिलाला विचारून घ्या.

दुसरी गोष्ट पैशाची, ही फारशी कोणी सांगत नाही. अमेरिकेत पेल ग्रँट म्हणून केंद्र सरकारची मदत असते, परत न करायची, घरचं उत्पन्न कमी असेल तर मिळते, ग्रीन कार्डवाल्यांनाही मिळते. पण ती पहिल्या डिग्रीसाठी. इथून बीए करून गेली की डिग्री झालेली धरतात, मग तिथे दुसरं बीए करायला ती मदत नाही. शिवाय आपलं तीन वर्षांचं बीए तिथल्या काही युनिव्हर्सिट्या एमएला पुरेसं मानत नाहीत, चार वर्षं मागतात. आता नव्या शैक्षणिक धोरणामुळे गोवा विद्यापीठातही चौथं वर्ष करून ऑनर्स घेता येतं, म्हणजे तो मार्ग बंद नाही, पण मग २२ वर्षं झाली की हो. माझं मत सरळ आहे, तिला बरोबर न्या.

आता जाऊबाई. त्यांची चूक म्हणवत नाही कारण आपल्याकडे कम्युनिटी कॉलेज नावाची जी यूजीसीची योजना २०१३ च्या सुमारास आली ती खरोखरच हाताला काम शिकवणाऱ्या डिप्लोम्यांची होती. अमेरिकेतलं प्रकरण वेगळं आणि जुनं आहे. पहिलं सरकारी असं कॉलेज शिकागोजवळ जॉलिएटला १९०१ साली निघालं, आणि कल्पनाच अशी होती की युनिव्हर्सिटीची पहिली दोन वर्षं मुलांना घराजवळ शिकता यावीत. आजही तेच चालतं. नर्सिंग, वेल्डिंग, अकाउंटिंगचे कोर्स तिथे असतात हे खरं, पण त्याच इमारतीत इतिहास, तत्त्वज्ञान, साहित्य, मानववंशशास्त्र पण असतं. दोन वर्षांत साधारण ६० क्रेडिट करायची, असोसिएट डिग्री घ्यायची, आणि ट्रान्सफर घेऊन युनिव्हर्सिटीत थेट तिसऱ्या वर्षाला बसायचं. बॅचलर डिग्री साधारण १२० क्रेडिटची, म्हणजे अर्धं काम कम्युनिटी कॉलेजातच झालं. शेवटी सर्टिफिकेटवर नाव युनिव्हर्सिटीचंच येतं, पहिली दोन वर्षं कुठे काढली हे भिंतीवर लावलेल्या फ्रेममधून कोणालाच कळत नाही, जाऊबाईंना सुद्धा नाही.

कॅलिफोर्नियात तर हा सगळ्यात मोठा पसारा आहे, ११६ कॉलेजं. प्रवेशाला मार्कांची चाळणी नाही, एसएटी ही प्रवेशपरीक्षाही नाही. राज्याच्या रहिवाशाला फी युनिटला (म्हणजे क्रेडिटलाच) ४६ डॉलर, म्हणजे १५ युनिटच्या एका सेमिस्टरला ६९०, आपले साठ हजारांच्या आसपास, पुस्तकं, बस, पार्किंग वेगळं. आणि उत्पन्न कमी असेल तर ही फीसुद्धा माफ होते. पण थांबा, इथेच बहुतेक नवी कुटुंबं फसतात. रहिवासी ठरायला राज्यात एक वर्षाहून जास्त राहिल्याचा पुरावा लागतो. ग्रीन कार्ड हातात असलं तरी पहिलं वर्ष तुम्ही बाहेरचेच, आणि बाहेरच्यांची फी युनिटला तीनशे डॉलरच्या वर जाते. म्हणून उतरल्या उतरल्या फुल टाइम घालायची घाई करू नका. पोचलात त्या दिवसापासूनचे कागद जपून ठेवा, भाड्याचा करार, बँकेचं खातं, टॅक्स, ड्रायव्हिंग लायसन्स. ते वर्ष वाया जातं असंही नाही. या कॉलेजांत नॉन-क्रेडिट, म्हणजे डिग्रीत न मोजले जाणारे, वर्ग फुकट असतात, इंग्रजी लिहायचा सराव तिथे होतो, आणि तिला त्याची गरज पडणार आहे, मार्क कितीही असले तरी.

का ते सांगते. आपल्याकडे आर्ट्सची मुलं शिकतात कशी, तर मॅडम नोट्स डिक्टेट करतात, झेरॉक्सवाल्याकडे मागच्या पाच वर्षांचे पेपर मिळतात, आयएमपी प्रश्न पाठ होतात आणि मार्कही पडतात. तिथे पहिल्या आठवड्यात सिलॅबस म्हणून काही पानं हातात देतात, त्यात कुठल्या दिवशी काय वाचून यायचं ते लिहिलेलं असतं आणि वर्गात सर विचारतात तुला काय वाटलं. पाठ केलेलं सांगून भागत नाही. दर दोनतीन आठवड्यांनी निबंध, त्यात स्वतःचं म्हणणं पहिल्या परिच्छेदात मांडायचं, पुरावा द्यायचा, कुठून घेतलं ते सांगायचं. न सांगता चार ओळी उचलल्या तर ती चोरी, त्यावर नापास करतात. हुशार मुलींना हा धक्का जास्त बसतो कारण त्यांना आत्तापर्यंत कोणी चूक म्हटलेलं नसतं.

दुसरा धक्का गणिताचा! आर्ट्स घेतलं की गणित सुटलं असं आपण धरून चालतो. तिथे सुटत नाही. राज्याच्या युनिव्हर्सिट्यांत जायला बहुतेक मुलं एक सामाईक कोर्सगुच्छ पुरा करतात, त्याचं नाव कॅल-गेटसी, किमान ३४ युनिट. त्यात इंग्रजी लेखन, तर्काने विचार करणं, कला आणि मानव्यविद्या, समाजशास्त्रं, वांशिक समाजांचा अभ्यास, हे सगळं आहे आणि एक गणित आणि प्रयोगशाळेसकट विज्ञान पण आहे. इतिहासवाली मुलं गणितात बहुतेक स्टॅटिस्टिक्स घेतात, आणि मला विचाराल तर जनगणनेचे आकडे वाचता न येणारा इतिहासकार अर्धाच. तेव्हा बायला आत्ता उन्हाळ्यात टक्केवारी, सरासरी, आलेख एवढं तरी उजळणी करायला सांगा.

वर्गाचं मात्र मला कौतुक वाटतं. मोठ्या युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षाला शंभर-दोनशे मुलांचं लेक्चर असतं आणि निबंध बऱ्याचदा पीएचडी करणारा मुलगा तपासतो. कम्युनिटी कॉलेजात तीसेक मुलं, आणि शिक्षकाचं मुख्य काम शिकवणं हेच. ऑफिस अवर्स म्हणून ठरलेल्या वेळी ते खोलीत बसलेले असतात, मुलांनी जाऊन बोलायचं असतं. आपली मुलं जात नाहीत, सरांना त्रास कशाला म्हणून. तिला सांगा गो, जा, त्यासाठीच बसलेत ते. बाकावर शेजारी कोण असेल तर रात्रपाळी करून आलेला, सैन्यातून परतलेला, दोन मुलांची आई, पन्नाशीचा सुतार. स्थलांतर, युद्ध, मजुरी यावर चर्चा चालते तेव्हा वर्गातले अर्धे लोक ते जगून आलेले असतात.

ट्रान्सफरचं मात्र आपोआप होत नाही. खूप मुलं ट्रान्सफर घ्यायचीच म्हणून येतात आणि कोर्स घेत बसतात, वर्षं जातात. पहिल्याच सेमिस्टरला काउन्सेलरची वेळ घेऊन लेखी प्लॅन करून घ्यायचा. असिस्ट नावाची सरकारी साइट आहे, कुठल्या कॉलेजचा कुठला कोर्स कुठल्या युनिव्हर्सिटीत कशाच्या बदल्यात चालतो ते तिथे दिसतं. काउन्सेलर बदलतात, ऐकीव सल्ले देतात, म्हणून स्वतः बघायचं. ट्रान्सफरसाठीची खास असोसिएट डिग्री केली तर राज्याच्या सीएसयू (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) व्यवस्थेत कुठेतरी जागा नक्की, कॅम्पस मात्र हवा तोच असं नाही. यूसीचे (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे) सहा कॅम्पस, डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ, हे ठरलेले ग्रेड असतील तर आधीच हमी देतात. बर्कली आणि यूसीएलए देत नाहीत, पण तिथेही कम्युनिटी कॉलेजातून मुलं दरवर्षी जातात. मामाला नाव मोठं हवं असेल तर हे त्याला दाखवा.

एक जाता जाता. आपल्याकडून पुष्कळांची वाट ब्रेक्झिटच्या आधी पोर्तुगीज पासपोर्टवरून लंडन-स्विंडनला जायची, त्यामुळे अमेरिकेतलं काही विचारायचं तर गावात माणूस सापडत नाही आणि मग जाऊबाईंचंच खरं वाटायला लागतं.

प्रश्न : मॅडम, मी पेडणे तालुक्यातला. मुलगा घराजवळच्या सरकारी कॉलेजात बीए हिस्ट्री घेतो म्हणतो. सगळे म्हणतात निदान पणजीला तरी पाठव, नाहीतर कॉमर्स तरी घे. बीए करून पोट भरतं काय? — एक बाप

उत्तर : नुसत्या बीएने नाही भरत, उगाच गोड बोलत नाही. पण नुसत्या बीकॉमने तरी कुठे भरतं ते त्या सगळ्यांना विचारा.

पणजीचं म्हणाल तर काही स्वायत्त कॉलेजं सोडली तर अभ्यासक्रम गोवा विद्यापीठाचाच, परीक्षा तीच, डिग्री तीच. १९६१ ला गोवा मुक्त झाला तेव्हा इथे पदवीचं साधं आर्ट्स कॉलेज नव्हतं, पुढच्या वर्षी धेंपे आणि चौगुले निघाली, आणि तालुक्यांतली सरकारी कॉलेजं तर आणखी कितीतरी उशिरा. साखळी, खांडोळा, केपे, पेडणे इथे ती काढली ती याच मुलांसाठी. तुमचं पेडण्याचं तर संत सोहिरोबानाथ आंबिये यांच्या नावाने आहे. रोज कदंबच्या बसमध्ये दोन-तीन तास घालवण्यापेक्षा ते वाचनालयात गेले तर मला जास्त फायद्याचं वाटतं. अर्थात तो ते वाचनालयातच घालवेल का, की तेरेखोलच्या काठावर, ते तुम्ही बघा.

हिस्ट्री घेणार असेल तर बरोबर काय घेतो यावर पुढचं ठरेल. गोव्यात जमिनीचे, वाटणीचे खटले आजही पोर्तुगीज काळातल्या कागदांवर अडतात, कोमुनिदादचे (गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेचे) दप्तर, वारसांच्या वाटणीच्या इन्व्हेंटरीचे कागद, आणि पणजीच्या पुराभिलेखागारात तर पोर्तुगीजबरोबर मोडीतले कागदही आहेत. मराठी येणाऱ्या मुलाला मोडी शिकायला काही महिने पुरतात, पोर्तुगीजला जास्त लागतील पण पणजीत वर्ग आहेत. त्यावर बीएनंतर तीन वर्षांचं एलएलबी केलं तर हा मुलगा नुसत्या वकिलापेक्षा वेगळा ठरतो. मास्तर व्हायचं असेल तर बीएड, कॉलेजात शिकवायचं तर एमए आणि नेट. सरकारी नोकरीच्या जाहिराती नीट वाचा, बहुतेकींत कोकणीचं ज्ञान आवश्यक आणि मराठीचं असल्यास इष्ट असं असतं, तेव्हा घरी बोलतो तेवढ्या कोकणीवर विसंबून राहू नका, लिहायची सवय पण लागते. तीन वर्षं पुरी झाल्यावर नोकरी शोधायला निघण्यापेक्षा दुसऱ्या वर्षापासूनच त्याने यातला एक रस्ता धरावा. कॉमर्स त्याला आवडत नसेल तर घालू नका.

प्रश्न : ताई, वय ५२, फोंडा. बारावीनंतर लग्न झालं. आता मुलगे कामाला लागले, मला साहित्य-इतिहास शिकायचंय, पण पोरांच्या वयाच्या मुलांबरोबर वर्गात बसायची लाज वाटते. — एक वाचक

उत्तर : तुम्ही वरची साखळीची गोष्ट वाचली असेल तर अमेरिकेतल्या त्या वर्गात तुम्ही एकट्याच पन्नाशीच्या ठरला नसता! इथे वर्ग नकोच असेल तर इग्नू या मुक्त विद्यापीठाचं घरून करायचं बीए आहे, वयाची वरची मर्यादा नाही, प्रादेशिक केंद्र गोव्यातच आहे, असाइनमेंट लिहून द्यायच्या आणि परीक्षेला बसायचं. माध्यम कुठलं ते फॉर्म भरण्याआधी विचारून घ्या, कारण पुस्तकं इंग्रजी-हिंदीत येतात आणि तुमचं वाचन मराठी असेल तर पहिले काही महिने जड जातील. घाबरू नका, शब्दकोश जवळ ठेवा. आणि डिग्रीची घाईच नसेल तर पणजीला पाट्ट्यावर कृष्णदास शामा ग्रंथालयाचं सभासद व्हा, १८३२ पासूनची संस्था आहे, मराठीची कपाटंच्या कपाटं आहेत. फोंड्याहून बस सुटतात त्या पणजी स्टँडलाच थांबतात, तिथून चालत पोचाल. सभासद व्हायला ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेऊन जा.